जास्त गोल करतो, म्हणून कॅप्टन?

मांडव्याच्या पुळणीवर ओहोटीला फुटबॉल खेळणारी पोरं असोत की तालुक्याच्या स्पर्धेला निघालेला संघ, कॅप्टन ठरवताना एकच वाक्य कानावर येतं: ‘ज्याचे गोल जास्त, तो कॅप्टन.’ पालक म्हणतात, प्रशिक्षकही मान डोलावतात. हे वाक्य आता खरंच थांबायला हवं.

पेले तीन विश्वचषक जिंकले: १९५८, १९६२ आणि १९७०. तिन्ही वेळा कॅप्टन दुसराच होता. बेलिनी, माऊरो, कार्लोस आल्बेर्तो, तिघेही बचावपटू. १९६६ ते २०२२ या काळात १५ विश्वचषक झाले. त्यांतल्या विजेत्या कॅप्टनांत आघाडीचे म्हणावेत असे दोघेच, मॅराडोना आणि मेस्सी. झोफ, कासियास आणि लोरिस तर गोलकीपर! आपल्याकडे १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्‌ट्रिक मुंबईच्या नेव्हिल डिसूझांनी केली, पण कॅप्टन होते समर बॅनर्जी. गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर यांनी ऐंशीच्या दशकात गोलपोस्टमध्ये उभं राहून भारताचं नेतृत्व केलं.

कारण साधं आहे. स्ट्रायकर बराच वेळ प्रतिस्पर्ध्याच्या गोलसमोर, आपल्या संघाकडे पाठ करून असतो. मागच्या खेळाडूला सगळं मैदान दिसतं: कोण जागा सोडून पुढे गेलाय, कोण दमलाय, कोण चिडलाय. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये क्षेत्ररक्षण बदलता येतं, इथे ४५ मिनिटं घड्याळ थांबत नाही. प्रशिक्षक रेषेबाहेर असतात. आत ओरडून सावरणारा कुणीतरी लागतोच.

‘मग सुनील छेत्री? तो तर भरपूर गोल करायचा आणि भारताचा कॅप्टनही होता!’ हा प्रश्न हमखास येतो. छेत्रीचंच पाहू. १ जून २०१८ रोजी अंधेरीत भारताने चायनीज तैपेईला ५-० हरवलं, छेत्रीची हॅट्‌ट्रिक झाली, आणि मैदानात प्रेक्षक होते जेमतेम अडीच हजार. दुसऱ्या दिवशी त्याने व्हिडिओतून लोकांना कळकळीने हाक मारली: आम्हाला शिव्या द्या, पण मैदानात या. ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची सगळी तिकिटं संपली. हॅट्‌ट्रिकने भरलं नाही ते मैदान कॅप्टनच्या शब्दाने भरलं.

कॅप्टनबद्दल अशी आणखीही वाक्यं ऐकू येतात. ‘कॅप्टनला रेफरीशी वाद घालायचा हक्क असतो.’ नसतो. फुटबॉलचा नियम ३ सांगतो की त्याला कोणताही खास दर्जा वा सवलत नाही, उलट संघाच्या वागणुकीची काही जबाबदारी त्याच्यावर असते.

‘वयाने मोठा तोच हवा.’ १९६६ला इंग्लंडचा कॅप्टन बॉबी मूर २५ वर्षांचा होता.

‘ज्याचा बॉल, त्याच्या दंडावर पट्टा.’ यावर काय बोलायचं!

‘कॅप्टन वरूनच नेमायचा असतो.’ २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव ज्या भारतीय संघात होता, त्या संघात प्रशिक्षकांनी खेळाडूंचं मतदान घेतलं. मुलांनी मणिपूरच्या अमरजितला निवडलं. तो मधल्या फळीत खेळायचा.