कामाचे लिहिणे

जाम हे आपल्या वर्धा जिल्ह्यातले गाव फाट्यावर वसलेले आहे. नागपूरहून येणारा मोठा रस्ता इथे दोन वाटांनी जातो. एक वाट हिंगणघाटवरून हैदराबादकडे, दुसरी वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे. अशा फाट्यावर पाटी लागते. पाटीवर काय असते? गावाचे नाव आणि बाण. परमुलखातला ट्रकवाला मध्यरात्री येतो. त्याच्या ओळखीचे इथे कोणी नसते. तरी पाटी वाचून तो बरोबर वाटेला लागतो.

अशा लिहिण्याला आम्ही कामाचे लिहिणे म्हणतो. मुलीला सासरी पत्र धाडले आणि त्यात एखादी गोष्ट राहून गेली, तर ती आपली मुलगी आहे, समजून घेते. कामाच्या लिहिण्यात तसे चालत नाही. वाचणारा परका असतो, आणि तुम्ही त्याच्याजवळ उभे नसता.

आपल्या भागातले पुष्कळ लोक जिनिंग-प्रेसिंगमध्ये कामाला जातात. म्हणून तिथलेच उदाहरण घेऊ. कापसात कधी खडा येतो, कधी लोखंडाचा तुकडा. तो यंत्रात घासला की ठिणगी पडते. ठिणगी रुईत शिरली आणि ती रुई प्रेसमध्ये दाबली गेली, तर मोठा धोका असतो. गाठ सुमारे १७० किलोची, घट्ट आवळलेली. आत हवा थोडी असते. त्यामुळे जाळ होत नाही, पण विस्तव विझतही नाही. तो आतल्या आत धुमसत राहतो. बाहेरून गाठ चांगली दिसते. कधी कधी काही दिवसांनी आग बाहेर येते. तोवर ती गाठ गोदामात इतर गाठींच्या थप्पीत गेलेली असते!

आता समजा, रात्रपाळीला ठिणगी दिसली. पाळी सुटताना एकाने वहीत लिहिले :

‘रात्री थोडी गडबड झाली होती. आता सर्व ठीक आहे. लक्ष असू द्यावे.’

अक्षर सुरेख आहे. शुद्धलेखनात एक चूक नाही. पण सकाळच्या माणसाने लक्ष कशावर ठेवावे? दुसऱ्याने असे लिहिले :

‘रात्री २ वाजून १० मिनिटांनी ७ नंबरच्या जिनवर ठिणगी दिसली. जिन बंद केली. २ वाजून १५ मिनिटांनी प्रेस बंद केली. गाठ नंबर ४११, ४१२ आणि ४१३ यांत ठिणगी गेली असेल. तिन्ही गाठी अंगणात वेगळ्या ठेवल्या आहेत. गोदामात नेऊ नयेत. मेस्त्रीला सांगितले आहे.’

याचे अक्षर वाकडे असेल, ‘मिनिट’ शब्दात ऱ्हस्व-दीर्घ चुकले असेल. तरी गोदाम याच लिहिण्याने वाचेल. आम्ही जन्मभर शाळेत शुद्धलेखन तपासले, आणि त्याची किंमत आम्हांला ठाऊक आहे. पण इथे पूर्ण गुण आम्ही दुसऱ्यालाच देऊ. त्याने वेळ दिली, नंबर दिले, काय केले ते लिहिले आणि काय करू नये तेही लिहिले.

‘थोडे’, ‘बरेच’, ‘मघाशी’, ‘तिकडे’ हे शब्द बोलताना चालतात, कारण बोलताना आपण हाताने दाखवतो. कागदाला हात नसतो. किती, केव्हा, कुठे, हे लिहावेच लागते.

हे शिकायचे कसे? आमच्या वर्गात आम्ही एक खेळ घेतो. एकाने आपल्या रोजच्या कामाची रीत लिहायची. दुसऱ्याने ती वाचून, जेवढे लिहिले तेवढेच करायचे, मनाचे काही घालायचे नाही. एकाने विहिरीवरच्या पंपाची रीत लिहिली : ‘बटन दाबावे. पाणी येते.’ लगेच मागून एक बाई म्हणाल्या, “पण गुर्जी, पंपात पयले पानी भरा लागते ना! ते कोठी लिवलं हाये?” सारा वर्ग हसला. लिहिणाराही हसला. तो रोज पाणी भरतच होता. पण जे रोज करतो ते लिहायला सुचत नाही. नव्या गड्याने तो कागद पाहून कोरडाच पंप चालवला असता.

पुढे त्याने सुधारून लिहिले : ‘बटन दाबावे. त्याआधी हात कोरडे करावेत.’ हेही उलटेच! वाचणारा एकेक ओळ वाचतो आणि करतो. दुसरी ओळ वाचेतो ओल्या हाताने बटन दाबून झालेले असते. धोक्याची ओळ कामाच्या आधी यायला हवी.

कामाबरोबर लिहिण्याची ही रीत आपल्या जिल्ह्याला नवी नाही. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि नई तालीम पुढे आली. सेवाग्रामच्या शाळेत मुले सूत कातत आणि आपल्या कामाची नोंदही ठेवत. कापूस किती घेतला, सूत किती निघाले, वाया किती गेले, हे ज्याने केले त्यानेच लिहायचे.

शब्द कोणते वापरावेत, असे काहीजण विचारतात. जिथे काम करता तिथले वापरा. सगळे ज्याला गाठ म्हणतात तिला गाठच म्हणावे. एका ओळीत गाठ, दुसरीत नग आणि तिसरीत माल लिहिले, तर वाचणाऱ्याला त्या तीन वस्तू वाटतात. निबंधात तोच शब्द पुन्हा आला की मास्तर लाल रेघ मारतात. पाळीच्या वहीत तोच शब्द दहादा येऊ द्या.

वही कपाटात कुलूप लावून ठेवू नये. जिथे काम चालते तिथे ती टांगावी, आणि पेन दोरीने बांधावे, नाहीतर पेन पहिल्याच दिवशी कोणाच्या तरी खिशातून घरी जाते. लिहिलेले चुकले तर गिरवून काळे करू नये. एकच रेघ मारावी, शेजारी बरोबर लिहावे आणि सही करावी. खाली तारीख, पाळी आणि नाव लिहावे, म्हणजे पुढच्या पाळीच्या माणसाला शंका आली तर कोणाला विचारायचे ते कळते.