मोह, ख्रिस्ती धर्मातील
मोह, ख्रिस्ती धर्मातील : मनुष्याला ईश्वरी आज्ञेपासून दूर नेऊन पापाकडे प्रवृत्त करणारे आकर्षण, विचार वा परिस्थिती यांस ख्रिस्ती धर्मशास्त्रात मोह ही संज्ञा आहे. नव्या करारातील ‘पेइरास्मॉस’ या मूळ ग्रीक शब्दाचे ‘कसोटी’ व ‘प्रलोभन’ असे दोन्ही अर्थ होतात. म्हणूनच बायबलच्या मराठी अनुवादात संदर्भानुसार कोठे ‘परीक्षा’, तर कोठे ‘मोह’ असे शब्द आढळतात. भारतीय परंपरेतील षड्‌रिपूंपैकी मोह म्हणजे अज्ञानजन्य भ्रम होय. ख्रिस्ती लेखनातील मोहाचा अर्थ त्याहून निराळा असून त्यात निवड करण्याची वेळ आलेली व्यक्ती अभिप्रेत असते. मोह होणे हे पाप नव्हे, त्याला जाणूनबुजून संमती देणे हे पाप होय, हा भेद या विषयावरील ख्रिस्ती विचाराचा पाया आहे.

*बायबलमधील विवेचन :* ‘उत्पत्ती’ या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात मोहाची पहिली कथा येते. तेथे सर्प उघड बंडाची भाषा करीत नाही. तो प्रथम देवाच्या आज्ञेविषयी शंका उपस्थित करतो व मग निषिद्ध फळ हितकारक असल्याचे भासवितो. पाप घडल्यावर आदाम व हव्वा लपून बसतात आणि विचारणा होताच दोष दुसऱ्यावर ढकलतात. ‘ईयोब’ या ग्रंथात मोहाला कसोटीचे रूप आहे. त्यात नीतिमान पुरुषाच्या निष्ठेची संपत्तिनाश, अपत्यवियोग व व्याधी यांच्या द्वारा परीक्षा होते.

येशू ख्रिस्ताने अरण्यात चाळीस दिवस उपवास केला व त्यानंतर सैतानाने त्याला तीन मोह घातले, असे मत्तय व लूक यांची शुभवर्तमाने सांगतात. त्यांतील अखेरच्या दोन मोहांचा क्रम दोहोंत भिन्न आहे. मार्कने मात्र या प्रसंगाचा केवळ ओझरता उल्लेख केला आहे. धोंड्यांच्या भाकरी करणे, मंदिराच्या शिखरावरून उडी टाकणे आणि जगातील राज्यांच्या बदल्यात सैतानाला नमन करणे, असे हे मोह होत. त्यांपैकी पहिल्यात भुकेची साधी गरज आहे, तर मंदिराच्या प्रसंगी सैतान धर्मवचनाचाच आधार घेतो. मोह पुष्कळदा चांगल्याच्या रूपाने येतो, हा बोध भाष्यकारांनी यातून घेतला. येशूची तिन्ही उत्तरे ‘अनुवाद’ या ग्रंथातील आहेत. त्याला मोह झाला, पण तो निष्पाप राहिला, असे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे. मोह व पाप यांतील भेदाला हा मुख्य आधार आहे.

देव कोणालाही मोहात घालीत नाही. वासना गर्भवती होऊन पापाला जन्म देते आणि पापातून मरण उद्‌भवते, अशा आशयाचे विवेचन याकोबाच्या पत्रात आहे. याच्याशी प्रभूच्या प्रार्थनेतील मोहविषयक विनंतीचा मेळ कसा घालावा, हा जुना प्रश्न आहे. देव स्वतः मोहात लोटतो असा अर्थ निघू नये, म्हणून फ्रान्समधील रोमन कॅथलिक उपासनेत २०१७ मध्ये व इटलीतील उपासनेत २०२० मध्ये या वाक्याची शब्दयोजना बदलण्यात आली.

*आठ विचार व सात प्रमुख पापे :* मोहाचे पहिले पद्धतशीर निरीक्षण चौथ्या शतकातील ईजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या संन्याशांनी केले. त्यांपैकी एव्हॅग्रिअस पाँटिकस (सु. ३४५–३९९) याने आठ कुविचार सांगितले : खादाडपणा, कामवासना, द्रव्यलोभ, खिन्नता, क्रोध, ‘ॲकेडिया’, लौकिकाची हाव व गर्व. ॲकेडिया म्हणजे साधनेचा येणारा उबग. दुपारच्या वेळी संन्याशाला दिवस संपता संपत नाही, तो वारंवार सूर्याकडे पाहतो, कोणी भेटीस येत आहे का ते न्याहाळतो व आपली जागा आणि आपले काम यांचा त्याला तिटकारा येतो, असे त्याचे मार्मिक वर्णन एव्हॅग्रिअसने केले आहे. असे विचार मनात यावेत की नाही हे आपल्या हाती नसते. ते रेंगाळू द्यावेत की नाही हे मात्र आपल्या हाती असते, असे त्याचे प्रतिपादन आहे.

जॉन कॅसिअन (सु. ३६०–४३५) याने ही शिकवण लॅटिन भाषेत आणली. पोप पहिला ग्रेगरी (कार. ५९०–६०४) याने गर्वाला सर्व पापांचे मूळ मानून त्याखाली सात पापांची मांडणी केली. गर्व, लोभ, कामवासना, मत्सर, खादाडपणा, क्रोध व आळस ही आज प्रचलित असलेली यादी त्यातूनच पुढे सिद्ध झाली. इतर पापे त्यांच्यापासून उद्‌भवतात म्हणून त्यांना ‘प्रमुख’ म्हणतात. त्यांतील प्रत्येक कृत्य प्राणघातक पाप असतेच असे नाही.

*मोहापासून पापापर्यंत :* सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) याने पापाच्या तीन पायऱ्या मानल्या आहेत : सूचना, तिच्यात वाटणारे सुख आणि संमती. रोमन कॅथलिक शिकवणीनुसार गंभीर विषय, पूर्ण जाणीव व बुद्धिपुरस्सर संमती या तिन्ही गोष्टी असतील, तरच पाप प्राणघातक ठरते. एरवी ते क्षम्य पाप होय.

बाप्तिस्म्यानंतरही मनुष्यात उरणारा पापाकडील कल स्वतःच पाप आहे काय, याविषयी मतभेद आहेत. ल्यूथरपंथीयांच्या ऑग्सबर्ग श्रद्धानिवेदनात (१५३०) जन्मजात विकृतीस खरोखरीचे पाप मानले आहे. उलट, ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४६ मध्ये असा निर्णय दिला, की हा कल पापातून आलेला व पापाकडे नेणारा असला, तरी संमती न देणाऱ्यास तो अपाय करू शकत नाही.

*पापाचे धोके :* पापामुळे देवाशी असलेले नाते दुरावते, हा त्याचा मुख्य धोका होय. दुसरा धोका सवयीचा. विकृत इच्छेतून वासना, वासनेतून सवय आणि प्रतिकार न केलेल्या सवयीतून अगतिकता निर्माण होते, असे ऑगस्टीनने स्वानुभवावरून लिहिले आहे. तिसरा धोका एका पापातून दुसरे घडण्याचा. दावीद राजाची कथा याचे ठळक उदाहरण आहे : बथशेबेविषयीच्या अभिलाषेतून व्यभिचार, तो लपविण्यासाठी कपट व अखेर तिचा पती उरीया याचा घात, असा तिचा क्रम आहे. नाथान संदेष्ट्याने एका श्रीमंताची व गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगेपर्यंत राजाला स्वतःचा अपराध दिसत नाही. सदसद्‌विवेक बधिर होतो तो असा. चौथा धोका निराशेचा. पेत्राने येशूला नाकारले व यहूदाने त्याला धरून दिले. दोघांनाही पश्चात्ताप झाला, पण पेत्र रडून परतला आणि यहूदाने आत्मघात केला. क्षमा शक्यच नाही असे मानणे हे मूळ पापाहून घातक ठरते, असे धर्मोपदेशक या संदर्भात सांगत आले आहेत.

याच्या विरुद्ध टोकाला अतिशंकाग्रस्त विवेक असतो. मनात आलेल्या प्रत्येक विचाराला पाप समजणारा मनुष्य कबुली देऊनही अस्वस्थच राहतो. स्वतः या पीडेतून गेलेल्या इग्नेशियस लॉयोला (१४९१–१५५६) याने साधनापर ग्रंथात तिच्यासाठी स्वतंत्र सूचना दिल्या आहेत. खिन्नतेच्या काळात पूर्वीचा निश्चय बदलू नये आणि मोह गुप्त न ठेवता जाणत्या मार्गदर्शकास सांगावा, असाही त्याचा सल्ला आहे.

*उपाय :* प्रार्थना, उपवास, बायबलवाचन, मोहाचे प्रसंग टाळणे व सत्संग हे सर्व पंथांना मान्य असलेले उपाय होत. केवळ स्वबळावर मोह जिंकता येत नाही, त्यासाठी ईश्वरी कृपा हवी, हे मत कार्थेजच्या धर्मसभेने ४१८ मध्ये पिलेजिअसच्या मताविरुद्ध ठामपणे मांडले. रोमन कॅथलिक पंथात वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावे, असा नियम चौथ्या लॅटरन परिषदेने १२१५ मध्ये केला. गोव्यातील कोंकणीभाषक ख्रिस्ती समाजात या संस्कारास ‘कुमसार’ म्हणतात. प्रॉटेस्टंट पंथांत पापाची कबुली मुख्यतः थेट देवाजवळ किंवा सामुदायिक उपासनेत दिली जाते.

*वाङ्‌मय व आधुनिक विचार :* मिल्टनच्या *पॅरडाइस लॉस्ट* (१६६७) व *पॅरडाइस रिगेन्ड* (१६७१) या काव्यांचे विषय अनुक्रमे आदामाचे पतन व ख्रिस्ताचा अरण्यातील मोह हे आहेत. त्यापूर्वीच फादर टॉमस स्टीफन्सने गोव्यातील रायतूर येथे १६१६ मध्ये मुद्रित झालेल्या *ख्रिस्तपुराणा*त आदिपतनाची कथा मराठी ओवीत सांगितली होती.

विसाव्या शतकात मानसशास्त्राच्या प्रभावामुळे जबाबदारीच्या प्रश्नाचा नव्याने विचार झाला. भीती, सवय व मानसिक विकार यांमुळे कृत्याची जबाबदारी कमी होऊ शकते, असे रोमन कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात मान्य केले आहे. अन्याय्य समाजरचनेतून होणाऱ्या ‘सामाजिक पापा’चीही चर्चा होऊ लागली. तथापि अशा पापाच्या मुळाशी व्यक्तींचीच पापे असतात, असे पोप दुसरा जॉन पॉल याने १९८४ मध्ये स्पष्ट केले. परिस्थितीचे दडपण मान्य करूनही व्यक्तीच्या संमतीला असलेले महत्त्व त्यामुळे कायम राहिले आहे.