उद्याची गोष्ट, चालू वर्तमानकाळात

"उद्या मी नाशिकला जातोय." असं आपण सहज बोलतो. क्रियापद चालू वर्तमानकाळाचं, गोष्ट उद्याची, तरी कुणाचा गोंधळ होत नाही. इंग्रजीतही हेच चालतं: 'आय ॲम गोइंग टु नाशिक टुमॉरो.' पण शाळेपासून भविष्यकाळ म्हणजे 'विल' एवढंच डोक्यात बसलेलं, त्यामुळे आपण सगळीकडे 'विल' लावत सुटतो.

समजा, दाढ ठणकायला लागली आणि त्याच क्षणी ठरवलं, तर 'आय विल कॉल द डेंटिस्ट'. दाखवायचं मनात पक्कं आहे, पण फोन अजून केलेला नाही, तर 'आय ॲम गोइंग टु सी अ डेंटिस्ट'. आणि फोन झाला, पाचची वेळ मिळाली, तर 'आय ॲम सीइंग द डेंटिस्ट ॲट फाइव्ह'. शेवटच्या वाक्यात वेळ घेऊन झाल्याचं वेगळं सांगावंच लागत नाही. मला हा काळ आवडतो तो यासाठीच!

मात्र तो माणसांनी ठरवलेल्या गोष्टींनाच शोभतो. पाऊस कुणाशी ठरवून येत नाही, म्हणून 'इट इज रेनिंग टुमॉरो' चूक. मराठीतही 'उद्या पाऊस पडतोय' कानाला खटकतंच की!

आणि 'टुमॉरो', 'ऑन संडे' असा वेळ सांगणारा शब्द विसरू नका. संदर्भ नसेल तर ऐकणारा 'आत्ता' असंच समजेल.

येत्या रविवारी काय काय ठरलंय तुमचं? इंग्रजीत मोठ्यानं म्हणून बघा.