घर सुटते, माजघर सुटत नाही

मिरजेहून बेळगावच्या गाडीत बसलो की मला बाबा पदमनजी आठवतात. आम्हा सांगली-साताऱ्याकडच्या वाचकांना कादंबरी म्हटले की हरिभाऊ आपटे सुचतात. हरिभाऊंचा जन्म १८६४चा. त्याच्या सात वर्षे आधी, १८५७ साली, बाबांचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतले जाते.

बाबा १८३१ साली बेळगावात, कासार समाजात जन्मले. घर देवाधर्माचे. शिक्षण मिशनच्या शाळेत आणि पुढे मुंबईला स्कॉटिश मिशनच्या विद्यालयात झाले. १८५४ साली ते ख्रिस्ती झाले. नंतर पुण्यात स्कॉटिश फ्री चर्चचे पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मोपदेशक, झाले. त्या काळी धर्म बदलला की पंगत तुटे, जात तुटे आणि बहुधा घरही.

याच चर्चच्या मायदेशी, स्कॉटलंडात, १८५० साली रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन जन्मला. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारा तोच. त्याचे आजोबा लुईस बाल्फर एडिंबरोजवळच्या कॉलिंटन गावचे पाळक. नातवाचे बालपणीचे कितीतरी दिवस आजोबांच्या त्या घरी, नदीकाठच्या बागेत गेले. पुढे ‘किडनॅप्ड’च्या नायकाला त्याने आजोळचेच आडनाव दिले : डेव्हिड बाल्फर. १८८७ साली त्याने त्या घरावर लेख लिहिला. पुढच्याच वर्षी बाबांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र आले. ख्रिस्ती होऊन चौतीस वर्षे झालेला, सत्तावन्न वर्षांचा माणूस आपल्या हिंदू बालपणाकडे वळला होता.

एकाला पाळकाचे घर आजोळ म्हणून लाभले, दुसरा आपले घर सोडून पाळक झाला. लिहिताना मात्र दोघेही लहानपणाच्याच दारात जाऊन उभे राहिले.

विधवाविवाहाचा कायदा १८५६चा. त्यानंतरच्याच वर्षी आलेल्या या कादंबरीतली यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते आणि गावोगावच्या विधवांची दुःखे ऐकते. पुढे तिच्यावरच तो प्रसंग येतो आणि अखेर ती पुन्हा लग्न करते. पुस्तकात उपदेश पुष्कळ आहे, धर्मप्रचारही आहे. पण त्या बायका, त्यांची बोलणी, त्यांचे हुंदके मिशनच्या शाळेत शिकवले जात नसत. ते माजघरातच कानावर पडतात.

माझ्या घरी दखनी बोलत, शाळेत मराठी. मी पहिली मराठी कविता वाचून दाखवली तेव्हा दादीने विचारले होते, “ये अपने घरकी बात है क्या रे?” तेव्हा मला उत्तर आले नाही. आज जुनी वही उघडतो तर ओळी मराठी आहेत. चूल, चिमणी आणि पहाटेची हाक मात्र दादीची आहे.

बेळगाव स्टेशन येते, गाडी थांबते. उतरताना वाटते, दादीला आता ‘हो’ म्हणायला हवे होते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)