वळसंगची विहीर आणि खडकात उतरणारे कारागीर

दक्षिण सोलापूर तालुक्यातील वळसंग येथे दलित वस्तीने स्वतःच्या श्रमांतून विहीर खोदली. 24 एप्रिल 1937 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिचे पाणी शेंदून प्राशन केले. त्याच्या महिनाभराहून थोडे आधी, 17 मार्चला, महाडच्या चवदार तळ्याचा खटला मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकाली निघाला होता. महाडला हक्क कोर्टात मिळवावा लागला. वळसंगला पाणी खडकातून काढावे लागले. हे दुसरे काम नुसत्या अंगमेहनतीचे नव्हे. विहीर पाडणे ही सोलापूरकडच्या जुन्या कारागिरीतील एक अवघड विद्या आहे.

या मुलखात वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या आणि शेवटी काळा पाषाण लागतो. माती आणि मुरूम कुदळीने निघतो, पण पावसात काठ ढासळतात. पाषाण ढासळत नाही, मात्र सहजासहजी फुटतही नाही. त्यातले पाणी भेगांतून आणि लाव्हाच्या दोन थरांच्या सांध्यातून झिरपते. त्यामुळे चार हात इकडे खोदलेली विहीर भरते आणि तिकडची कोरडी राहते.

यंत्रे येण्यापूर्वी पाषाणात भोक पाडायला एक जण पहार धरून बसे व दुसरा घण घाली. प्रत्येक घावानंतर पहार थोडी फिरवायची, नाहीतर ती अडकते. भोकात दारू ठासून, वात लावून सगळे वर येत. भोक किती खोल, कोणत्या कलाने आणि दारू किती, यावर खडक फुटणार की नुसताच धूर होणार हे ठरे. चुकीची किंमत बहुधा बोटांनी, डोळ्यांनी किंवा जिवाने मोजावी लागे. बांधकामाचा चिरा मात्र सुरुंगाने काढत नसत. दगडाची शीर ओळखून ओळीने खाचा पाडून पाचरी ठोकत. शीर ओळखणे हाताच्या सरावानेच येते, आणि या धंद्याचे सारे मोल त्यातच आहे.

डबर वर ओढले की मातीच्या थरापुरते कडे बांधून काढतात. गोल कड्यात मागची माती जितकी दाबते, तितके घडीव दगड एकमेकांत घट्ट बसतात. चुना वापरायचा असेल तर तो बैल जुंपलेल्या घाण्यात वाळूसह मळून घेत.

पिढ्यान्‌पिढ्या ही कामे मुख्यतः वडार, पाथरवट आणि बेलदार यांच्याकडे होती. 1884 च्या सोलापूर गॅझेटियरमध्ये अशा जातींची वर्णने आहेत. पण ती जातीची, कामाच्या बारकाव्यांची थोडकीच. इंग्लंडच्या स्थानिक इतिहासकारांना या बाबतीत अधिक हाती लागते. चेशायरमधील वेल रॉयल मठाच्या 1278 ते 1280 च्या हिशेबांत गवंडी आणि खाणकामगार नावानिशी, मजुरीसह नोंदले आहेत. इंग्लंडमधल्या अनेक जुन्या चर्चच्या चिऱ्यांवर गवंड्यांच्या वैयक्तिक खुणाही सापडतात. वेल रॉयलच्या बांधकामाची मजुरी राजाच्या खजिन्यातून दिली जाई, म्हणून कागद झाला. गावची विहीर उधारीवर, धान्यावर किंवा वळसंगसारखी वस्तीच्या श्रमांवर उभी राही. तिचे दफ्तर कोण ठेवणार? म्हणून इथे दगडच वाचावा लागतो: भिंतीवरचे पहारेचे ओरखडे, अर्धवट राहिलेली सुरुंगाची भोके, पाचरींच्या खाचांच्या रांगा.

1972 च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यात हजारो हात खडी फोडायला आणि माती उपसायला लागले. त्याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा पुढे आला. पुढे कॉम्प्रेसरने भोके पाडणारे ट्रॅक्टर आणि उपसणारी यारी आली. कूपनलिकेने तर विहिरीत उतरण्याची गरजच संपवली. आज जुन्या विहिरीचे ढासळलेले कडे पुन्हा बांधायचे झाले, की ते कोणत्या दगडापासून मोकळे करावे हे सांगणारा माणूस शोधावा लागतो.