विसर्ग किती, साठा किती? पायथॉनचा पहिला प्रोजेक्ट

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात अभियांत्रिकीच्या पहिल्याच वर्षाला पायथॉन आलं. शाखा मेकॅनिकल असो की सिव्हिल, लूप, लिस्ट, फंक्शन सगळ्यांनाच शिकावं लागतं. पुढे गाडी अडते ती एकाच प्रश्नावर: हे येतं, पण याचं करायचं काय? मग कॅल्क्युलेटर, ग्रंथालयाची नोंदवही असे जुनेच प्रोजेक्ट पुन्हा उतरवले जातात. त्यांत चूक राहिली तरी कळत नाही, कारण उत्तराची गरज कुणालाच नसते. पहिला प्रोजेक्ट असा हवा की ज्याचं उत्तर आपल्यालाच हवं आहे आणि ते बरोबर आहे का, हे आपल्यालाच पडताळता येईल.

पुणेकराला असा प्रोजेक्ट पावसाळ्यात आयता मिळतो. खडकवासला धरणातून मुठा नदीत किती पाणी सोडलं, भिडे पूल बुडणार का, हे इथे घरोघरी विचारलं जातं. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर सोसलेल्या शहराला हे आकडे वाचायची सवय आहे. पण बातमीत साठा टीएमसीत असतो आणि विसर्ग क्युसेकमध्ये. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. मग १०,००० क्युसेकने एक टीएमसी पाणी जायला किती वेळ लागेल? एक लाख सेकंद, म्हणजे जवळजवळ पावणेअठ्ठावीस तास.

हा हिशेब करणारा प्रोग्राम पाच-सहा ओळींचा, पण शिकवतो बरंच. 'इनपुट'ने घेतलेला आकडा पायथॉनच्या लेखी मजकूर असतो. 'फ्लोट' लावल्याशिवाय भागाकार होत नाही. गंमत म्हणजे पेपरातला '१.९७' देवनागरीत टाइप केला, तरी 'फ्लोट' तो बिनतक्रार ओळखतं. दरवाजे बंद असले की विसर्ग शून्य, आणि शून्याने भागायला गेलं की प्रोग्राम कोसळतो. 'इफ' कशासाठी असतं, ते इथे आपोआप समजतं.

खरी कसोटी पुढे आहे. खडकवासला साखळीत चार धरणं, त्यांची क्षमता अशी: खडकवासला १.९७ टीएमसी, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१, एकूण २९.१५. समजा, खडकवासला पूर्ण भरलंय आणि बाकीची तिन्ही निम्मी. मग साखळीत एकूण साठा किती टक्के? चार टक्केवारींची सरसकट सरासरी काढली, तर उत्तर येतं ६२.५. प्रत्यक्षात साठा १५.५६ टीएमसी, म्हणजे सुमारे ५३.४ टक्के. फरक अडीच टीएमसीहून जास्त, म्हणजे अख्ख्या खडकवासला धरणापेक्षा मोठा! भारित सरासरी पाठ्यपुस्तकात कितीही वाचली, तरी ती अशी चूक हाताने केल्यावरच डोक्यात बसते. 'डिक्शनरी'त धरणाचं नाव आणि क्षमता ठेवायची, लूप फिरवायचा, आणि आलेलं उत्तर जलसंपदा विभागाच्या त्या दिवसाच्या आकड्याशी ताडून पाहायचं. जुळलं नाही, तर चूक शोधत बसण्यात एक संध्याकाळ गेली तरी ती सत्कारणी लागली.

महिनाभर रोजचे आकडे सीएसव्ही फाइलमध्ये भरले की पायथॉनच्या मॅटप्लॉटलिब लायब्ररीने आलेख काढता येतो. खडकवासल्याची रेघ लवकर माथ्याला जाते आणि मग वरखाली होत राहते, कारण धरण लहान आणि बाकीच्या तिन्हींच्या खालच्या अंगाला. वरून सोडलेलं पाणी त्यातच येतं. पानशेत, वरसगाव सावकाश चढतात. इथून पुढचा प्रश्न आलेखच सुचवतो: टेमघरच्या पाणलोटात आज पडलेला पाऊस साठ्यात कधी दिसतो, त्याच दिवशी की दुसऱ्या? त्यासाठी फाइलमध्ये पावसाचा एक रकाना वाढवायचा आणि पांडास लायब्ररीतल्या 'शिफ्ट'ने तो एकेक दिवस पुढे सरकवत साठ्यातल्या वाढीशी ताडून पाहायचा.