विहीर खुली झाली, पाणी कोणाचे?

माझी आजी विहिरीवर जात नसे, विहिरीपाशी जात असे. काठापासून काही हात दूर घागर ठेवायची आणि कुणी पाणी घालीपर्यंत उभे राहायचे. पुढे वाडीला सार्वजनिक विहीर मिळाली. आईने तिच्या रहाटावर पाणी ओढले आणि त्या पाण्यावर वाढलेला मी घरातला पहिला पदवीधर झालो. आज सुटीत मालवण तालुक्यातल्या त्या गावी गेलो की आई म्हणते, "पानी आसा, पन पियाक गावना नाय." एप्रिल संपता संपता विहिरीचे पाणी मचूळ होते. हे का होते, ते आपण कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे.

सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली झाला. १९९७ मध्ये तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली आणि २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. तारकर्ली-देवबागची वाळूची पट्टी, एका अंगाला कर्ली नदी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र, साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाली. या काळातली जनगणना पाहा. जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती, ती २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली. म्हणजे माणसे घटली. पण आमच्या गावात बांधकामे वाढतच गेली. काही घरे मुंबईकर चाकरमान्यांची, काही परक्यांनी सुटीसाठी बांधलेली, काही पर्यटकांना खोल्या देणारी. वर्षाचे बरेच महिने कुलूप, आणि मे महिन्यात व नाताळात सगळी भरलेली.

गावावर पडणाऱ्या ताणाचे पहिले कारण याच हिशेबात आहे. नळयोजना आखली जाते ती राहत्या लोकसंख्येवर. २०१९ च्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर हे माप धरले. हॉटेलाच्या एका खाटेला मात्र इमारतींचे राष्ट्रीय मानक रोजचे १८० लिटर धरते. वीस खाटांची इमारत भरली की ३,६०० लिटर पाणी लागते, म्हणजे नळयोजनेच्या मापाने सुमारे पासष्ट माणसांचे. ही पासष्ट माणसे गावाच्या जनगणनेत नसतात. ती येतात तीही मे महिन्यात, विहिरींचा तळ दिसू लागतो तेव्हा. टाकी तीच, नळ तोच. वरच्या आळीत नळाला मोटार लावली की शेवटच्या वस्तीपर्यंत पोहोचतो तो नुसता वारा. आमच्या गावात शेवटची वस्ती कोणती, हे वाचकांना सांगायला नको.

दुसरे कारण जमिनीखाली आहे. येथे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, पण सच्छिद्र जांभ्यातून आणि व्हाळांतून तो लवकर समुद्राला मिळतो. किनाऱ्याच्या वाळूत उरलेले गोडे पाणी हलके असते म्हणून खाली असलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगते. दोन्ही पाण्यांच्या वजनांतला फरक थोडाच असल्यामुळे, ढोबळ नियमाने, गोड्या पाण्याची पातळी एक मीटर खाली गेली की खारे पाणी सुमारे चाळीस मीटर वर सरकते. रहाटाने घागर घागर ओढले तर हा तोल टिकतो. कूपनलिकेला मोटार लावून टाक्या भरल्या की तो मोडतो. खारटपणा लगेच जात नाही. त्याला काही पावसाळे लागतात.

तिसरे कारण सांडपाणी. गावात गटारयोजना नाही. प्रत्येक इमारतीची मैल्याची टाकी व शोषखड्डा तिच्याच आवारात. वाळू गाळते खरी, पण थोड्या जागेत खड्डे वाढले की ते पाणी शेजारच्या विहिरीकडे झिरपते. ज्याच्याकडे पाणी शुद्ध करण्याचे यंत्र नाही, त्याच्या मुलाला हगवण लागते.

आता हक्काचा प्रश्न. १९२३ साली बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले आणि १९३७ साली हायकोर्टातही निकाल आपल्या बाजूने लागला. त्या लढ्याने विहिरीचा काठ मिळवून दिला. आज आमच्या विहिरीवर विटाळाचे नाव कोणी काढत नाही. पण ज्याची जमीन त्याची कूपनलिका, आणि ज्याची कूपनलिका खोल त्याचे पाणी, हा नवा नियम झाला आहे. आपल्याकडे किनाऱ्यालगत जमीन नव्हती, म्हणून पर्यटनाचे भाडे आपल्या हाती आले नाही. आली ती मजुरी.

ती मजुरी मी हलकी मानत नाही. माझा चुलत भाऊ त्याच इमारतींवर चिरा वाहतो. मी ग्रामसभेत पाण्याचे बोललो तेव्हा रात्री तो म्हणाला, "काम बंद झाला तर पगार तू देतलंस?" त्याला उत्तर देण्यावाचून आपली चळवळ पुढे जाणार नाही. माझे उत्तर असे: बांधकाम थांबवा असे आपले म्हणणे नाही, पाण्याचा हिशेब आधी मांडा असे आहे.

त्यासाठी कायदा हाती आहे. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल उपसण्यास मनाई केली. २०११ च्या अधिसूचनेने सूट दिली ती स्थानिक वस्तीला, तिच्या स्वतःच्या वापरापुरती. खोल्यांच्या धंद्याला नव्हे. हे वाक्य किती ग्रामसभांत वाचले गेले असेल?

तेव्हा कामे साधी आहेत. मे महिन्यात प्रत्येक वाडीतल्या विहिरीची पातळी दोरीने मोजून वहीत लिहा. गावातल्या खाटा मोजा, फक्त माणसे नव्हे. कोणत्या वस्तीला किती मिनिटे नळ येतो, ते तारखेसह नोंदवा. परवानगी देताना पाणी कोठून आणणार आणि मैला कोठे सोडणार, हे ग्रामसभेपुढे मांडायला लावा. कागदपत्रे नाकारली तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. हे काम शाळकरी मुले करू शकतात. यंदा आमच्या वाडीतल्या पाच मुलींनी ती वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर त्यांनी लिहिले आहे: विहीर सार्वजनिक, वाडी बौद्धवाडी, पाणी तळाशी दीड हात.